मिस्त्रींच्या जबड्याचं बांधकाम

"बाबा, हाड खचलंय तुमचं."

मुलगी हे अगदी सहज म्हणाली. दातांच्या डॉक्टरला असली वाक्यं दिवसातून दहादा म्हणावी लागतात. पण मिस्त्री त्या आडव्या खुर्चीत ताडकन उठून बसले. थुंकी ओढणारी नळी त्यांच्या ओठाला तशीच लोंबत राहिली आणि गळ्याशी अडकवलेला निळा कागद टर्रकन फाटला.

"काय खचलंय?"

"जबड्याचं हाड. खालचं, उजवीकडचं."

मिस्त्रींनी चाळीस वर्षं बांधकामं केली होती. शाळा, गोदामं, पाण्याच्या टाक्या, एक पूल आणि राहती घरं तर मोजायचीच सोय नाही. त्या चाळीस वर्षांत हाताखालच्या माणसांनी त्यांच्या तोंडून नाना तऱ्हेचे शब्द ऐकले होते. पण 'खचलं' हा शब्द मिस्त्रींच्या कुठल्याही कामाबद्दल कुणी काढला नव्हता. आज तो निघाला, तोही त्यांच्या स्वतःच्या तोंडाबद्दल आणि पोटच्या पोरीकडून.

"खचेल कसं? मी काय ते भुसभुशीत मातीवर उभं केलंय?"

मुलीनं समोरच्या पडद्यावर फोटो लावला. "हे बघा. इथल्या दोन दाढा आठ वर्षांपूर्वी काढल्या. तेव्हाच नवीन बसवायला हव्या होत्या. दात नसला की खालच्या हाडाला काम उरत नाही, आणि काम नसलं की ते झिजतं. आता नुसती धार राहिलीय. हिच्यात इम्प्लांटचा स्क्रू उभा राहणार नाही."

"मग?"

"आधी हाडाची भर घालायची. पाच-सहा महिन्यांत ती भर पक्की होते. मग तिच्यात स्क्रू आणि स्क्रूवर दाढ."

मिस्त्रींनी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. "म्हणजे आधी पाया, मग खांब, मग वरचं काम."

"बरोबर."

"मग सरळ तसं सांगावं माणसानं. म्हणे खचलंय!"

प्रश्न एवढाच राहिला, की हे करायचं कुणी. मुलगी म्हणाली, "माझे एक सर आहेत, त्यांच्याकडे पाठवते तुम्हाला."

"का? तुला येत नाही?"

"येतं की. शिकताना पंधरा-वीस केलेत. पण हा दवाखाना उघडल्यापासून एकही नाही. आणि पहिलाच घरच्या माणसावर म्हणजे... हात थरथरला तर?"

"माझ्या पोरीचा? तिसरीत होतीस तेव्हा कामावर येऊन ओळंबा धरायचीस. दोरी हलायची नाही की गोळा हलायचा नाही. आणि माझी पोरगी दवाखाना थाटून बसलेली असताना मी परक्यापुढे तोंड उघडलं, तर लोक शेण घालतील तोंडात."

"आधीच तिथं जागा कमी आहे," डॉक्टर म्हणाल्या, आणि तयार झाल्या.

दवाखान्याला जेमतेम आठ महिने झाले होते. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेर आठ खुर्च्या, त्यातल्या निम्म्या भरल्या तर तो दिवस चांगला. दवाखान्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, पस्तीस वर्षं जुना दवाखाना होता. तिथल्या वयस्कर डॉक्टरांना लोक तोंडावर 'डॉक्टरसाहेब' आणि पाठीमागे 'पक्कड डॉक्टर' म्हणत. मिस्त्रींच्या त्या दोन दाढा त्यांनीच काढल्या होत्या. लोकांचं म्हणणं असं, की मिस्त्रींची मुलगी हुशार आहे, गोड आहे, पण लहान आहे हो. दात उपटायचा म्हणजे हातात जोर पाहिजे.

हे म्हणणं मिस्त्रींना आठ महिने ठुसठुसत होतं. म्हणून ऑपरेशनच्या आधीच्या दोन दिवसांत त्यांनी अख्खा रस्ता पालथा घातला. खालच्या औषधवाल्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, पोस्टात काम नसताना जाऊन खिडकीवरच्या बाईंना सांगितलं. "माझ्या जबड्यात नवीन हाड घालतेय पोरगी. साधं दात काढणं नव्हे. आतून बांधकाम!"

ऑपरेशनच्या दिवशी भूल चढेपर्यंत त्यांनी डॉक्टरांना आणि मदतीला असलेल्या सिस्टरला सुखानं काम करू दिलं नाही.

"ती भर दाखव आधी."

मुलीनं बोटभर उंचीची बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. आत पांढरे बारीक दाणे होते.

"चाळलेली आहे?"

"चाळलेली, धुतलेली, तपासलेली."

"कोरडी घालणार की भिजवून?"

"तुमच्याच रक्तात भिजवून."

मिस्त्रींना हे पटलं. "म्हणजे माल बाहेरचा, पाणी घरचं. ठीक."

"आता तोंड बंद, बाबा. म्हणजे उघडंच ठेवा, पण बोलणं बंद."

दीड तासानं तिनं त्यांच्या हातात आरसा दिला. हिरडीवर नऊ टाके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, विटांच्या थरासारखे. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी आलं. भूल उतरायला लागली असं वाटून सिस्टरनं घाईघाईनं गोळी आणून दिली.

मग सूचना. बोलायचं कमी. गार शेक. मऊ खायचं. आणि उद्या संध्याकाळपर्यंत चूळ भरायची नाही, थुंकायचंही नाही. त्यानंतरसुद्धा कोमट पाण्यात चिमूटभर मीठ टाकून ते नुसतं तोंडात धरायचं आणि अलगद सोडून द्यायचं.

तोंडात कापूस असल्यानं मिस्त्रींनी कागद मागून घेतला आणि त्यावर लिहिलं, 'पाणी कधी मारायचं?'

"पाणी मारायचं नाही."

मिस्त्रींनी तो प्रश्न अधोरेखित करून पुन्हा पुढे केला.

"बाबा, हे सिमेंट नाही. पाणी मारायचं नाही म्हणजे नाही."

मिस्त्रींनी मुलीकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. पोरीचा हात चांगला होता, यात शंका नव्हती. पण शेवटी सगळं पुस्तकातून शिकलेलं. ताज्या कामाला पाणी मारलं नाही तर त्याला तडे जातात, हे पुस्तकात कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं जाण्याआधी त्यांचा गाल पाहिला. गाल चांगलाच टरारला होता. "सूज येणारच. उद्या-परवा आणखी वाढेल. पडून राहा," असं सांगून ती गेली. मिस्त्रींची बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. घरात मिस्त्री आणि त्यांचं कोरडं पडलेलं बांधकाम, दोघंच उरले.

त्यांनी अर्धा तास कळ काढली. मग ते उठले. स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा पेला घेतला, चिमूटभर मिठानं काय होतंय म्हणून खड्यांच्या मिठाची मूठ त्यात टाकली, वरून नळाचं गार पाणी सोडलं, आणि बेसिनशी उभं राहून तीन चुळा भरल्या. अलगद वगैरे नाही. खळाळून, नव्या भिंतीवर पाइपनं पाणी मारावं तशा.

तोंड पुसून त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. पांढऱ्या बेसिनमध्ये पांढरे बारीक दाणे पडले होते.

मिस्त्रींनी ते कागदाच्या कोपऱ्यानं एकेक करून गोळा केले. नऊ भरले. टाके नऊ आणि दाणे नऊ. म्हणजे टाक्यागणिक एक दाणा निसटला होता. हिशेब इतका चोख जुळल्यावर शंकेला जागाच उरली नाही. पोरीचं पहिलं काम बापानं चुळीसरशी वाहून घालवलं होतं.

त्यांनी फोन हातात घेतला आणि पुन्हा ठेवून दिला. एकदा ओल्या स्लॅबवरून चपला घालून चालणाऱ्या माणसाला त्यांनी भर उन्हात तिथल्या तिथे कामावरून काढलं होतं. "दुसऱ्याच्या कामाची ज्याला किंमत नाही, त्यानं माझ्यासमोर उभं राहायचं नाही," असं तेव्हा ते गरजले होते. आता मुलीसमोर कोणत्या तोंडानं उभं राहायचं? तोंड तर हे असं.

एकच वाट दिसत होती. कुणाला कळायच्या आत गुपचूप भर घालून घ्यायची. मिस्त्रींनी दाणे गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घातले, डबी खिशात टाकली, डोक्याला टोपी आणि तोंडाभोवती लोकरीचा गळपट्टा गुंडाळला.

तेवढ्यात बायको खाली आली. "अहो, निघालात कुठं? बोलू नका म्हणालीय ती, भटकायला जा असं नाही म्हणाली."

मिस्त्रींनी हातानं 'जरा फेरी मारून येतो' अशी खूण केली.

"आणि या उकाड्यात गळपट्टा?"

त्यांनी गालाकडे बोट दाखवलं.

"आता लाज वाटते होय! परवा तर रस्ताभर दवंडी पिटत होतात."

पक्कड डॉक्टरांच्या दवाखान्यात मुलीच्या खिडकीसमोरूनच जावं लागे. मिस्त्री भिंतीला चिकटून, मान खाली घालून निघाले. आयुष्यात कधी चोरी न केलेल्या माणसानं चोरासारखं चालायचं ठरवलं की तो जितका उठून दिसतो, तितके ते दिसत होते. औषधवाल्यानं दुकानातूनच हाक मारली.

"मिस्त्री! अहो, काय झालं?"

बोलायची बंदी. मिस्त्रींनी गालाकडे बोट दाखवलं, कपाळाला हात लावला, मग समोरच्या दवाखान्याकडे बोट दाखवलं आणि शेवटी ओठांवर बोट ठेवलं. एवढं करून ते रस्ता ओलांडून गेले.

औषधवाल्याच्या गल्ल्यासमोर पोस्टातल्या बाई उभ्या होत्या. साडेदहाला त्यांची दाढ भरायची होती, मिस्त्रींच्या मुलीकडे.

"बघितलंत?" औषधवाला म्हणाला. "मी काही म्हणत नाही. पण बापच समोर चालला."

पस्तीस वर्षांच्या जुन्या दवाखान्यात त्या वेळी कुणी नव्हतं. पक्कड डॉक्टर खिडकीशी पेपर वाचत होते. मिस्त्रींनी डबी त्यांच्या टेबलावर ठेवली, गळपट्टा सोडला आणि सुजलेल्या गालातून जेवढे शब्द बाहेर येतील तेवढे काढले. "भल वाहून गेली. पलत घाला. कुनाला सांगू नका."

"बसा, बसा. आधी बघू तर द्या."

डॉक्टरांनी दिवा ओढला, छोटा आरसा आत घातला आणि बराच वेळ तो फिरवत राहिले. मग चष्मा बदलून पुन्हा पाहिलं.

"दुखलं का करताना?"

मिस्त्रींनी मान हलवून नाही म्हटलं.

"वेळ किती लागला?"

"दील तास."

"हात जड वाटला? ओढाताण?"

"छे!"

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा आरसा घातला. आपली भर तपासायची सोडून हा माणूस चौकशा कसल्या करतोय, ते मिस्त्रींना कळेना.

"मिस्त्री, यातला एक टाका हललेला नाही. भर जिथल्या तिथं आहे. आणि मी पस्तीस वर्षांत असे टाके घातलेले नाहीत. काम कुणाचं?"

नाव सांगायचं नाही असं मिस्त्री रस्ताभर स्वतःला बजावत आले होते. पण काही गोष्टी माणसाच्या हातात नसतात.

"माझ्या पोलीचं!" ते ओरडले आणि लगेच गाल धरून खाली वाकले.

"मग हे दाणे?" डॉक्टरांनी पेल्यात पाणी घेतलं आणि डबी त्यात उपडी केली. दोघंही वाकून बघत राहिले. दाणे तळाला गेले, बारीक झाले आणि दिसेनासे झाले.

"हाड पाण्यात विरघळतं का हो, मिस्त्री?"

"नाही."

"वाळू?"

"नाही."

"मग काय विरघळतं?"

मिस्त्रींनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. त्यांचा चेहरा पडला. "मीथ."

पक्कड डॉक्टर हसायला लागले. ते हसताना नेहमी तोंडावर हात धरत, तसा आत्ताही धरला होता. हसून झाल्यावर मात्र त्यांनी दटावलं, "आता पुन्हा चूळ भरलीत तर खरंच वाहून जाईल. ती सांगते तेवढं ऐका. तिला कळतं."

'तिला कळतं.' मिस्त्री जिना उतरले ते हवेतच. समोरच्या, अनुभवी, पस्तीस वर्षं पक्कड चालवलेल्या माणसाचं हे प्रमाणपत्र! आता लपायचं कशाला?

पण ते आत होते तेवढ्या अर्ध्या तासात बातमी रस्ता ओलांडून, जिना चढून मुलीच्या दवाखान्यात पोचली होती. पोस्टातल्या बाई खुर्चीत बसता बसता शेजारणीला म्हणाल्या, "मी काही म्हणत नाही हं, पण मिस्त्री तोंड बांधून पक्कड डॉक्टरांकडे गेलेत." शेजारणीनं पलीकडच्या गृहस्थांना सांगितलं, की मिस्त्रींची वाचा गेलीय. गृहस्थांनी आणखी पलीकडे सांगितलं, की जबडा उकललाय, गळपट्ट्यानं धरून ठेवलाय. तरी सगळे बसून होते. ऐकीव गोष्टीवर माणसं लगेच उठत नाहीत. डोळ्यांनी काही दिसायला लागतं.

ते मिस्त्रींनी दाखवलं.

ते धापा टाकत दारात उभे राहिले. खुर्च्यांवर पाच माणसं. आठ महिन्यांतली चांगली गर्दी. मिस्त्रींना भरून आलं. त्यांनी गळपट्टा ओढून काढला. उजवा गाल पपईएवढा झाला होता, खाली हनुवटीपर्यंत जांभळी-निळी छटा उतरली होती आणि त्या बाजूचा डोळा निम्मा मिटला होता.

"बघा!" मिस्त्री छाती काढून म्हणाले. "हे माझ्या पोलीनं केलंय!"

पोस्टातल्या बाईंनी दोन्ही हातांनी आपलं तोंड झाकलं.

"समोलचे डॉक्टल काय म्हनाले, थाऊक आहे? पस्तीस वर्षांत असं पाहिलं नाही म्हनाले!"

एका गृहस्थांना गॅस चालू राहिल्याचं आठवलं. शेजारणीला पाहुणे यायचे होते. पोस्टातल्या बाई काहीही न सांगताच गेल्या. आवाज ऐकून मुलगी आतून बाहेर आली तेव्हा आठ रिकाम्या खुर्च्यांच्या मधोमध मिस्त्री एकटे उभे होते आणि निम्म्या चेहऱ्यानं हसत होते.

तिनं त्यांना आत नेलं, खुर्चीत बसवलं, तोंड तपासलं. मग मिस्त्रींनी सगळं सांगितलं. मीठ, चूळ, दाणे, डबी. ऐकताना सिस्टर दोनदा तोंड फिरवून हसली. मुलगी हसली नाही.

"मला फोन का नाही केलात?"

मिस्त्रींनी गळपट्ट्याची घडी घालायला घेतली.

"बाबा."

"तुझं काम माझ्या हातून मोडलं, हे तुला कसं सांगायचं?"

"आणि खरंच मोडलं असतं, आणि दुसऱ्यानं दुरुस्त केलं असतं, तर मला कळलं नसतं? तुम्ही बांधलेल्या भिंतीला दुसऱ्यानं गिलावा केला, तर तुम्हाला कळत नाही?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. मुलीनं हातमोजे काढले आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसली. "काल टाके घालून झाल्यावर मी बाहेर जाऊन पाच मिनिटं नुसती भिंतीला टेकून उभी होते. इतकं दडपण मला परीक्षेतही आलं नव्हतं. आणि आज सकाळी गाल बघितला तेव्हा म्हटलं, झालं बाई एकदाचं नीट."

मिस्त्रींनी तिचा हात धरला. काही बोलायचं होतं, पण डॉक्टरांनी बोलायला बंदी केली होती.

त्यानंतरचे दोन दिवस वाईट गेले. फोन येत होते, पण ते सगळे 'पुढच्या आठवड्यात बघू' सांगायला. सिस्टरनं तीच तीच मासिकं तीन वेळा रचून ठेवली. घरी बायकोनं मिस्त्रींना मऊ खायला घालत घालत कडक शब्दांत धुऊन काढलं. मिस्त्री म्हणाले, मी घरोघरी जातो आणि खरं काय ते सांगतो. मुलीनं हात जोडले. "बाबा, तुमच्या पाया पडते. आता कुणालाही, काहीही दाखवू नका."

बांधकामावर चूक झाली तर मिस्त्री रात्रंदिवस उभे राहून ती निस्तरत. इथे निस्तरायचा उपाय एकच होता, तोंड बंद ठेवणं. तो त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता. पण त्यांनी तोही केला. दोन दिवस ते खिडकीतसुद्धा उभे राहिले नाहीत.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांना तपासणीला बोलावलं होतं. गळपट्टा नाकापर्यंत ओढून ते येऊन बसले. त्या सकाळचे ते एकमेव पेशंट होते, आणि तेही घरचे. आत मुलगी हत्यारं उकळत होती. रस्त्यावर भर बाजाराची वर्दळ होती. सिस्टर खिडकीतून खाली बघत होती आणि एकाएकी म्हणाली, "अगं बाई!"

समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरून, पांढरा डगला घातलेले पक्कड डॉक्टर रस्त्याच्या मधोमध येऊन उभे होते. एक रिक्षा थांबली, मग एक सायकल. डॉक्टरांनी दोन्हीकडे पाहिलं, हात वर केला आणि रस्ता ओलांडला. जिन्यावर हळूहळू पावलं वाजायला लागली. त्यांच्या मागोमाग, कसलीशी बिलं हातात घेऊन, औषधवाला चढत होता.

"नंबर लावायचाय," डॉक्टर सिस्टरला म्हणाले.

"कुणाचा, सर?"

"माझा."

सिस्टरनं गोंधळून नेहमीचा कागद पुढे केला. डॉक्टर खुर्चीत बसले, खिशातलं पेन काढलं आणि शाळकरी मुलासारखे एकेक रकाना भरू लागले. तक्रार : वरच्या डाव्या बाजूचं हाड झिजलंय. कुणाच्या सांगण्यावरून आलात : मिस्त्री.

मुलगी धावतच बाहेर आली. "सर, तुम्ही? बाबांनी परवा तुम्हाला उगाच त्रास दिला. मीच येणार होते माफी मागायला."

"माफी कसली?" डॉक्टरांनी तोंडात बोट घातलं आणि वरची कवळी काढून हातात घेतली. चार दात, तारेत अडकवलेले. दाराशी औषधवाल्याच्या हातातली बिलं खाली पडली. कवळीविना डॉक्टरांचेही शब्द मिस्त्रींच्यासारखेच निसटत होते, पण त्यांनी ते नेटानं म्हटले. "लोकांचे काढता काढता माझे कधी गेले, कळलंच नाही. आठ महिने रोज खिडकीतून तुझी पाटी वाचतोय. रोज वाटायचं, उद्या जाऊ. मग वाटायचं, लोक काय म्हणतील? पक्कड डॉक्टर पोरीपुढे तोंड उघडायला गेला! परवा तुझ्या वडिलांचं तोंड बघितलं. म्हटलं, आता लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. बोर्डावर लिहून ठेवायच्या लायकीचं काम आहे ते."

मुलीनं आतलं दार उघडून धरलं. "आत या, सर," एवढंच तिनं म्हटलं.

"नाही. नंबरानं. आधी मिस्त्री."

"तुम्ही आधी," मिस्त्री उठून उभे राहिले.

"अहो, तुम्ही आधीपासून बसलाय."

"मी घलचा आहे."

"पण मी वयानं धाकटा आहे."

"म्हनून काय झालं? पेशंत म्हनून नवीन आहात!"

दोघांची ही रस्सीखेच इतका वेळ चालली, की औषधवाल्याला दुकानात जाऊन यायला पुरेसा अवधी मिळाला. "मी काही म्हणत नाही," तो गल्ल्यामागून येईल त्याला सांगत होता, "पण समोरचे डॉक्टरसाहेब स्वतः वर बसलेत. कागद भरून. रांगेत!"

दुपारी दोनपर्यंत आठ खुर्च्यांपैकी सहा भरल्या. चार वाजता पोस्टातल्या बाईंचा फोन आला, की परवा एकदम डोकं दुखायला लागलं म्हणून उठावं लागलं, उद्या साडेदहा जमेल का? सिस्टरनं वही चाळण्याचा आवाज मुद्दाम फोनजवळ केला आणि म्हणाली, "बघते हं. उद्या जरा गर्दी आहे."

तपासणी झाल्यावर मुलगी म्हणाली, "मस्त भरतंय बाबा. आता घरी जा आणि पडून राहा."

मिस्त्री खाली आले. दारातच त्यांनी गळपट्टा सोडला, घडी घालून काखेत मारला, टोपी मागे सारली आणि गाल उजेडात येईल अशी मान धरून ते लांबच्या रस्त्यानं घरी निघाले. न्हाव्याच्या दुकानाशी थांबले, पोस्टाच्या खिडकीशी थांबले. एक शब्द बोलले नाहीत. कुणी "काय झालं हो?" असं विचारलं, की ते फक्त वर, मुलीच्या पाटीकडे बोट दाखवत.

सूज उतरायला आणखी चार दिवस लागले. मिस्त्रींना ती जरा लवकरच उतरली असं वाटलं.